कायद्याचा एक तास

त्या सकाळी माझं मूल तापाने फणफणलं होतं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आईला दवाखान्यात नेलं होतं, हेही चाललं असतं. पण खरं सांगायचं तर मी केस कापून घेत होते. आमच्या हेल्मर गावात केस कापणारी एकच बाई आहे आणि तिच्या हाताखालून निघालेली प्रत्येकजण शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी दिसते. म्हणून वर्षातून एकदा राजधानीला गेले की तिथल्या चांगल्या सलूनमध्ये मी आधीच वेळ घेऊन ठेवायची. शनिवारी, सकाळी आठला. आणि नेमका त्याच वेळी हॉटेलच्या तळमजल्यावर कायद्याचा तास असायचा.

मी डोळे तपासते, चष्म्याचे नंबर काढते. चौदा वर्षं झाली. आमच्या राज्यात हे काम करायला लायसन्स लागतं, आणि मिळालेलं लायसन्स टिकवायचं तर दोन वर्षांत पन्नास तास व्याख्यानं ऐकावी लागतात. बाकीचे तास कुठले घ्यायचे ते आपल्या मर्जीवर, पण वर्षाला एक तास कायद्याचा, तो सक्तीचा. त्यासाठी राज्यभरचे डोळेवाले हिवाळ्याच्या तोंडावर एका हॉटेलात जमतात. गळ्यात बिल्ला, हातात कागदी कपातली कॉफी. पूर्वी दाराशी एक बाई कार्डावर शिक्का मारायची. मग चिपवाले बिल्ले आले. दारातून आत गेलं की यंत्र आपोआप नोंद घेतं, बाहेर पडलं की पुन्हा घेतं. ही सुधारणा आमच्या लोकांना फार आवडली, कारण बिल्ल्याला पाय नसतात हे सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. कोणी गोल्फला जायचं, कोणी मासे धरायला. बिल्ला आत जायचा मित्राच्या खिशातून.

माझा बिल्ला आत जायचा तो डॉकच्या कोटातून.

डॉक म्हणजे डॉ. वर्लिन हर्गर्ट. बीटाच्या शेतांनी आणि एका साखर कारखान्याने वेढलेल्या या गावात त्यांनी चव्वेचाळीस वर्षं डोळे तपासले. मी दुसरीत असताना मला फळा दिसत नाही हे त्यांनीच शोधून काढलं. माझी आई तोवर मला मठ्ठ समजत होती. पुढे मी याच कामाचं शिक्षण घेऊन परत आले तेव्हा त्यांनी मला आपल्या दवाखान्यात घेतलं, आणि काही वर्षांनी दवाखाना माझ्या हवाली करून स्वतः आठवड्यातले दोनच दिवस यायला लागले. कॉलेजात जे चार वर्षांत शिकले त्यापेक्षा जास्त मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. आणि या माणसाच्या खिशात मी चार वर्षं ओळीने माझा बिल्ला टाकला. ते नाराज असायचे, पण नाही म्हणायचे नाहीत. सक्तीचा तास मात्र स्वतः पहिल्या रांगेत बसून ऐकायचे, वहीत टिपणं काढायचे. मी त्याचीही थट्टा करायची.

मग एका फेब्रुवारीत आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची पत्रं आली. लायसन्स देणाऱ्या मंडळाने यंत्राच्या नोंदी तपासल्या होत्या. बाकीच्या व्याख्यानांना आमच्या वेळा वेगवेगळ्या, पण कायद्याच्या तासाला चारही वर्षं आमचे दोन्ही बिल्ले एकाच सेकंदाला आत आणि एकाच सेकंदाला बाहेर. दोघांपैकी एकजण गैरहजर होता असं दिसतं, तरी तीस दिवसांत लेखी खुलासा करावा.

डॉक जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराने आले. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात मेणकागदात गुंडाळलेले कोबी-खिम्याचे दोन बन. ते त्यांच्या बायकोने, आर्डिसने दिले होते.

"तुलाही आलं?"

"आलं."

"आधी खा. गार झाले की दगड होतात."

मी खायला लागले. ते माझ्यासमोर रुग्णाच्या खुर्चीत बसले आणि जणू उद्याच्या हवेबद्दल बोलावं तसं म्हणाले, "मी लिहून देतो, मीच आत नव्हतो. माझा बिल्ला तुझ्या पिशवीत गुपचूप टाकायचो आणि मासे धरायला जायचो. तुला काही पत्ताच नाही. तू दारातून गेलीस की यंत्र दोघांची नोंद घेणार."

"नको, डॉक."

"का नको? मी एकाहत्तर वर्षांचा आहे. डिसेंबरात सोडणारच होतो. तुझ्या नावापुढे ठपका लागला तर विमा कंपन्या तुला यादीतून काढतील. मग स्वतःच्या खिशातून पैसे भरून तुझ्याकडे कोण येणार? या गावाने काय डोळे दाखवायला साठ मैल जायचं?"

"पण तुम्ही तर..."

"म्हातारे मासे धरायला जातातच. कोणाला नवल वाटायचं नाही."

मी एकदा 'नको' म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडात घास होता, आणि मी तो अगदी सावकाश चावला. चावून होईपर्यंत ते उठून कोट घालत होते. पुढे कित्येक रात्री मी स्वतःला समजावलं की मी अडवायला हवं होतं हे खरं, पण त्यांचं तसं काय जाणार होतं? सोडणारच तर होते. हे वाक्य मला फार सोयीचं पडलं.

मंडळाने त्यांच्या खुलाशावर सुनावणी लावली. चारही तारखांची कागदपत्रं आणा, सोबतच्या डॉक्टरांनी साक्षीला यावं. म्हणजे मी. सुनावणी नको असेल तर एकच दुसरा मार्ग होता. लायसन्स स्वतःहून परत करायचं, एका कागदावर सही करायची, प्रकरण मिटलं.

डॉकनी सही केली. मला सांगायला आले तेव्हा मी म्हटलं, "सुनावणीला गेला असतात तर कदाचित नुसती ताकीद देऊन सोडलं असतं तुम्हाला."

"तुला शपथेवर विचारलं असतं, डेना. तुला खोटं बोलता येत नाही. आणि खरं तू बोलणार नव्हतीस."

ते रागावून म्हणाले नाहीत, म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी खाली मान घालून चष्म्याच्या फ्रेमा लावत बसले.

भिंतीवरची त्यांची लायसन्सची तसबीर काढून टपालाने परत पाठवायची होती. ती चव्वेचाळीस वर्षांपूर्वी चांगल्या लांब स्क्रूंनी बसवलेली, आणि आमच्या दवाखान्यात सगळे स्क्रूड्रायव्हर चष्म्याच्या काड्यांचे. डॉक दहा मिनिटं त्या दातकोरण्यासारख्या हत्याराने खटपट करत राहिले. शेवटी मी शेजारच्या दुकानातून मोठा मागून आणला. मी माझ्या हाताने ती तसबीर उतरवली.

मंडळाच्या यादीत कोणीही नाव घालून बघू शकतं. हर्गर्ट, वर्लिन: लायसन्स समर्पित, शिस्तभंगाची कारवाई चालू असताना. आमच्या गावात बातमीला दोन दिवस लागत नाहीत, आणि कोणी विचारलं तर डॉक स्वतःच माशांची तीच गोष्ट सांगायचे. धान्यकोठारासमोरच्या कॅफेत सकाळी शेतकरी बसतात, तिथे मी कॉफी घ्यायला गेले तर एकजण मोठ्याने सांगत होता, "परीक्षेला पोरं कॉपी करतात ते ऐकलं होतं. हा बाबा सत्तरीत शाळा बुडवत होता."

"तरीच," दुसरा म्हणाला, "माझा चष्मा कधी धड बसला नाही. काय गं डेना, तुझ्याच पिशवीत टाकायचा ना बिल्ला? चार वर्षं तुला कळलं नाही?"

"बायकांच्या पिशवीत काय काय असतं ते त्यांना तरी कुठे माहीत असतं," पहिल्याने टोला मारला.

सगळे हसले. मीही हसले. मी नुसती गप्प बसले असते तर माझ्या भित्रेपणाला थोडी तरी लाज होती असं म्हणता आलं असतं. पण मी त्यांच्याबरोबर हसले, कॉफीचे पैसे दिले आणि बाहेर पडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोराने फाशीची गंमतही बघितली.

मे महिन्यात मी डॉककडे गेले ती एका कामासाठी. दर जूनमध्ये बीटाच्या शेतांवर दक्षिणेकडून मजूर येतात, त्यांच्या पोराबाळांचे डोळे फुकट तपासायला गावच्या क्लबची एक व्हॅन शाळेच्या आवारात उभी राहते. ती डॉकनी सुरू केली होती, बावीस वर्षांपूर्वी. निवृत्त झालेल्यांसाठी आमच्या राज्यात एक वेगळं लायसन्स असतं, सेवेचं. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त अशा शिबिरात काम करायचं. निवृत्त झाल्यावर आपण तेच घेणार आणि हात चालतोय तोवर व्हॅनमध्ये बसणार, असं डॉक गेली पाच वर्षं सांगत होते. मी त्याचा अर्ज छापून घेऊन गेले. मनात वाटत होतं, चला, निदान एवढं तरी माझ्या हातून होतंय.

डॉक घरी नव्हते. आर्डिसने मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, अर्ज हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"हे त्याला मिळत नाही गं," ती म्हणाली. "लायसन्स परत केलं की सेवेचंही नाही. कधीच नाही."

"कोणी सांगितलं?"

"त्यानेच. सही करायच्या आधीच माहीत होतं त्याला. कायद्याच्या तासाला कधीतरी सांगितलं होतं म्हणे." तिने अर्ज माझ्यापुढे सरकवला. "तू होतीस की त्या तासाला. तुला आठवत नाही?"

मी कॉफी प्यायले. तोंड पोळलं. म्हणजे डिसेंबरात सोडणार होते ते फक्त पगाराचं काम. ज्याच्यासाठी ते सोडणार होते तेच त्यांनी माझ्यासाठी देऊन टाकलं होतं, आणि काय देतोय हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण तो तास मी केस कापण्यात घालवला होता.

मग एक गोष्ट लक्षात आली. हे त्यांनी त्या तासाला ऐकलं असं ती कसं म्हणाली? ते तिथे नव्हतेच असं जर ती मानत असेल, तर...

"चुकून एखादं वर्ष बसला असेल आत," आर्डिस स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. "डेना, मला तुझी माफी मागायची होती. केव्हापासून मागेन मागेन म्हणते आहे. आमच्या माणसाने तुला यात ओढलं. पोरीसारखी तू त्याला, आणि तुझ्याच पिशवीत बिल्ला टाकून हा नदीवर. पन्नास वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं, हा माणूस बाकी काहीही करेल, लबाडी करणार नाही."

त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझी माफी मागत होती. मी म्हणाले, "असू दे, आर्डिस." हे दोन शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला अजून समजत नाही. मी लाजेने जळत होते, पण जागची हलले नाही, बोलले नाही, आणि जाताना तिने दिलेली जॅमची बाटलीसुद्धा घेतली.

जूनमध्ये व्हॅन लागली. डॉक आले. तपासायची परवानगी नाही, पण रांगेत लोकांना बसवायला, नावं लिहायला आणि फ्रेमांची खोकी लावायला लायसन्स लागत नाही. कागदी एप्रन बांधून ते दारात उभे. जुने लोक त्यांना बघून खूश व्हायचे आणि थेट त्यांच्याकडे यायचे. ते दोन्ही हात वर करायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. "डॉक्टर त्या. मी हमाल."

दुपारी सेनाइदा नावाची एक बाई तिच्या तीन वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोराचा एक डोळा आत वळलेला. एवढ्या लहानाला अक्षरं वाचायला सांगता येत नाहीत. अशा वेळी हातातला एक छोटा दिवा डोळ्यावर फिरवायचा आणि आतली लाल चमक कुठे सरकते ते बघून नंबर काढायचा. हे काम हाताचं आहे, पुस्तकाचं नाही, आणि डॉकसारखा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. पोराने थेंब घालू दिले नाहीत. माझा चष्मा ओढला. मी चमक पकडेपर्यंत त्याची नजर माझ्या नाकावर. तीनदा केलं, तीन वेगळे आकडे आले. बाहेर चाळीस माणसं उन्हात. सेनाइदा माझ्याकडे बघत होती आणि तिला कळत होतं की मला जमत नाहीये.

डॉक मागे उभे होते, हात खिशात.

मी हळू आवाजात म्हटलं, "डॉक, दोन मिनिटं तुम्ही बघा ना. इथे कोण बघतंय?"

ते तितक्याच हळू म्हणाले, "माझ्या खिशात बिल्ला टाकताना दर वर्षी तू हेच म्हणायचीस."

दिवा माझ्या हातातच राहिला. पोर रडायचं थांबून माझ्याकडे बघायला लागलं.

"शिकवायला लायसन्स लागत नाही," डॉक म्हणाले. "तू त्याला स्वतःकडे बघायला लावते आहेस. तो तुझ्या नाकाकडे बघतोय, म्हणून आकडे पळतायत. त्याला लांब बघू दे." त्यांनी खिशातले हात बाहेर न काढता व्हॅनच्या टोकाला जाऊन जीभ टाळूला लावून टकटक असा आवाज काढला, घोड्याच्या टापांसारखा. पोराची मान वळली. डोळे लांब गेले. "आता. घाई करू नकोस."

आकडा आला. पुन्हा केलं, तोच आला. सेनाइदाने माझे आभार मानले. त्यांचे नाही, माझे, कारण दिवा माझ्या हातात होता.

त्याच आठवड्यात मी मंडळाला पत्र लिहिलं. मला शूर म्हणू नका. पाच महिने उशीर झाला होता, आणि लिहितानाही पहिल्या तीन मसुद्यांत मी माझ्या मुलाला ताप आणला. चौथ्यात केस कापून घेत होते असं लिहिलं. पत्र टाकल्यावर डॉकना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "मला विचारलं नाहीस." मग मान हलवून घरात गेले. उत्तर येईपर्यंत आर्डिसला काही सांगायचं नाही असं आमचं न बोलता ठरलं. मंडळ तीन महिन्यांनी एकदा बसतं. मी तोवर मनाने दवाखाना बंद केला, यंत्रं विकली, नवऱ्याच्या गावी जाऊन एखाद्या दुकानात काम धरलं. रोज संध्याकाळी हेच.

ऑक्टोबरात उत्तर आलं. मी ते गाडीत बसून उघडलं.

'आपण स्वतःहून कळवल्याची नोंद घेतली आहे. अशा पहिल्या चुकीसाठी मंडळाच्या प्रथेप्रमाणे आपण कायद्याची आठ तासांची व्याख्यानं वर्षाच्या आत पुरी करावीत. ही ताकीद गोपनीय असून आपलं नाव यादीत लागणार नाही.' खाली आणखी एक परिच्छेद. 'डॉ. हर्गर्ट यांचं प्रकरण त्यांनी लायसन्स समर्पित केल्यामुळे बंद झालं असून ते उघडता येणार नाही. त्यांची इच्छा असल्यास नवीन उमेदवार म्हणून तिन्ही परीक्षा देऊन ते अर्ज करू शकतात.'

आठ तास. मी ते पुन्हा वाचलं. मला आनंद झाला, हेही सांगून टाकते. पहिली दोन-तीन मिनिटं मला नुसता आनंद झाला. मग खालचा परिच्छेद डोक्यात शिरला आणि मी गाडी थेट डॉकच्या घरी नेली.

दोघं स्वयंपाकघरात होती. मी उभ्यानेच पत्र वाचून दाखवलं, सगळं. डॉकनी हात पुढे करून पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं.

"आठ तास," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तुझं सगळं जाईल."

"मलाही तेच वाटलं."

"फोन करून विचारलंही नाही आपण कोणाला." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला म्हाताऱ्याचा दिसला. "परीक्षा म्हणे तिन्ही. मला पहिल्या दिवशी तिथलं दारसुद्धा सापडायचं नाही."

आर्डिस गॅसजवळ उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

"म्हणजे तू आत होतास?"

"हो."

"चारही वर्षं?"

"पहिल्या रांगेत," डॉक म्हणाले.

"आणि एप्रिलपासून मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते," आर्डिस म्हणाली. "पन्नास वर्षं आपण पुढून दुसऱ्या बाकावर बसलो. लोकांनी पाठीकडे बघून कुजबुजू नये म्हणून मी मागे गेले. तू माझ्या शेजारी येऊन बसलास, आणि एक शब्द बोलला नाहीस." मग ती माझ्याकडे वळली. "तू तर आमच्या समोरच्याच बाकावर असतेस."

मी म्हटलं, "आर्डिस, मला..."

"मला नको सांगूस. मला आता कळलंय. ज्यांना कळलेलं नाही त्यांना सांग."

आमच्याकडे पाहुण्याचा निरोप अर्धा तास चालतो. आधी टेबलाशी, मग दारात, मग गाडीच्या काचेशी, आणि गाडी वळेपर्यंत यजमान हात हलवत उभे. त्या दिवशी मी एकटीच बाहेर आले.

रविवारी प्रवचनाआधी आमच्या चर्चमध्ये सुखदुःखं सांगायची वेळ असते. पाळकबाई माइक घेऊन बाकांमधून फिरतात. कोणाला नात झाली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कोणाच्या भावाला पित्ताशयाचे खडे. प्रत्येकाचं सांगून झालं की त्या म्हणतात, "प्रभू, तुझ्या दयेने," आणि आम्ही सगळे म्हणतो, "आमची प्रार्थना ऐक." मी हात वर केला. पाळकबाईंनी अगदी कळवळ्याने माइक दिला. त्यांना वाटलं, माझ्या घरी कोणीतरी आजारी आहे.

मी उभी राहिले. घोटून ठेवलेली सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली.

"डॉ. हर्गर्ट कधीच गैरहजर नव्हते," मी म्हटलं. "चारही वेळा मी नव्हते. माझा बिल्ला मी त्यांच्या खिशात टाकायची आणि केस कापायला जायची. त्यांनी माझ्याऐवजी स्वतःचं लायसन्स दिलं आणि मी ते देऊ दिलं. त्यांना आता कोणाचेही डोळे तपासता येणार नाहीत. व्हॅनमध्येसुद्धा नाही. मला शिक्षा काय झाली, तर आठ तास व्याख्यान."

कॅफेतला तो शेतकरी आपल्या टोपीत बघत होता. पाळकबाई काहीतरी वेगळं बोलू बघत होत्या, पण जीभ सवयीची गुलाम. त्या म्हणाल्या, "प्रभू, तुझ्या दयेने."

"आमची प्रार्थना ऐक," सगळे पुटपुटले, गुडघ्याच्या ऑपरेशनला पुटपुटतात तसेच.

ऑर्गन वाजायला लागला. पहिल्या कडव्यालाच मागच्या बाकावरची आर्डिस उठली. तिने पर्स काखेत घेतली आणि मधल्या वाटेने, कोणाकडेही न बघता, पुढे चालत गेली आणि पुढून दुसऱ्या बाकावर बसली. त्या बाकावरच्या लोकांनी सरकून जागा केली. मग डॉक उठले. माझ्या बाकापाशी आल्यावर ते क्षणभर थांबले. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील, नेहमी ठेवायचे तसा. पण त्यांनी फक्त कोटाची बटणं लावली आणि बायकोकडे गेले. गाणं संपलं, प्रवचन सुरू झालं. मी उभीच होते, आणि बस असं मला कोणी सांगितलं नाही.